लिफ्टमधला जिराफ आणि रोजची पिशवी

विनोदी चित्राच्या टोट बॅगेविषयी बोलताना कापड, बंद आणि शिवण यांना आपण कामाचे भाग मानतो आणि चित्राला वरून केलेली हौस समजतो. ही विभागणी मला मान्य नाही. पिशवीचे काम सामान वाहण्याचे हे खरेच. पण घराबाहेर पडताना आपला हात आपसूक तिच्याकडे गेला तरच ती ते करू शकते. दाराच्या मागे खुंटीवर वर्षानुवर्षे लटकलेली भक्कम पिशवी काहीच वाहत नाही. खुंटीवरच्या चार पिशव्यांमधून हात नेमका एकीकडेच का जातो, याचे उत्तर मला तरी चित्रात सापडते, आणि म्हणून त्या रंगीत, हसऱ्या चित्राला मी बंदांच्या बरोबरीने कामाचा भाग मानते.

माझ्या रोजच्या पिशवीवर एक लिफ्ट आहे. न रंगवलेल्या, पिवळसर सुती कॅनव्हासवर जाड काळ्या रेषेने लिफ्टची चौकट काढलेली आहे आणि आत प्राण्यांची दाटी झाली आहे. जिराफाला उंची पुरत नाही, म्हणून त्याने मान छताला टेकवून पुन्हा खाली वळवली आहे आणि त्याचे तोंड स्वतःच्याच गुडघ्यांपाशी आले आहे. एवढे होऊनही चेहऱ्यावर तक्रार नाही, रोजचीच सवय असल्यासारखा शांतपणा आहे. ऑक्टोपसचे आठही हात बटणांवर आहेत. पेंग्विनने बर्फाची पेटी कवटाळली आहे आणि पेटीखाली पाण्याचे लहानसे थारोळे साचले आहे. कासव भिंतीला टेकून उभे आहे आणि त्याच्याजवळ काहीही सामान नाही, कारण घरच पाठीवर आहे. या साऱ्यांच्या नजरा दारावर बदलणाऱ्या मजल्याच्या आकड्याकडे लागलेल्या आहेत. जिराफाने तर गुडघ्यांपासूनसुद्धा डोळे वर फिरवले आहेत. अनोळखी माणसे लिफ्टमध्ये एकमेकांकडे न पाहता जशी उभी राहतात, ते या नजरांत इतके नेमके उतरले आहे की पाहणाऱ्याला पहिले हसू येते ते त्यांमुळेच. अपवाद फक्त कांगारूच्या पिल्लाचा. आईच्या पोटाच्या पिशवीतून डोके बाहेर काढून ते सरळ आपल्याकडे पाहते.

त्या पोटाच्या जागी खरा खिसा शिवलेला आहे. माझ्या किल्ल्या त्यात राहतात, आणि किल्ल्या काढताना पिल्लाच्या हनुवटीखालून हात घालावा लागतो. ही कल्पना सुचायला जितकी गमतीची, तितकीच करायला अवघड आहे. खिसा आधी पिशवीवर शिवून मग छापायला गेले, तर कापडाच्या दुहेरी जाडीमुळे छपाईची चौकट सपाट बसत नाही आणि खिशाच्या कडेला शाई तुटते. म्हणून खिशाचे कापड वेगळे छापून मग पिशवीवर बेतावे लागते, आणि शिवणाऱ्या माणसाने ते दोन-तीन मिलिमीटर जरी इकडेतिकडे बसवले, तरी कांगारूच्या पोटाची रेषा तिच्या मांडीच्या रेषेला मिळत नाही. माझ्या पिशवीवर ती मिळते. ज्या कुणी ती मिळवली, त्या कारागिराच्या हाताविषयी मला मनापासून आदर वाटतो.

चित्र कागदावर असते तेव्हा ते स्थिर असते. पिशवीवर ते रोज बदलते. जाड पुस्तके भरली की लिफ्ट पोटातून फुगते आणि दाटी खरोखरच वाढल्यासारखी दिसते. पिशवी जवळजवळ रिकामी असली की कापडाला मधोमध आडवी घडी पडते आणि जिराफाच्या मानेला आणखी एक वळण मिळते. चालताना ती मांडीवर आपटते तेव्हा आतली मंडळी हिंदकळतात. असे बदल चित्राला पोषक ठरावेत यासाठी चित्रकाराला आधीपासून विचार करावा लागतो. तळाशी वजनाने कापड ताणले जाते, वरच्या काठाला बंदांमुळे चुण्या पडतात, दोन्ही बाजूंच्या शिवणींकडचा भाग अंगाकडे वळून दिसेनासा होतो. म्हणजे खऱ्या अर्थाने दिसणारी जागा मधल्या पट्ट्यापुरतीच उरते. माझ्या पिशवीवर सगळे चेहरे याच पट्ट्यात आहेत आणि तळाकडे केवळ पाय, थारोळे आणि जमीन आहे. आकर्षक चित्र सरसकट कापडावर उतरवलेल्या कितीतरी पिशव्यांवर नायकाचा चेहराच चुणीत हरवलेला मी पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी चित्रकाराच्या मेहनतीबद्दल हळहळ वाटली आहे.

आता विनोदाविषयी. रोज पाहायचा विनोद हा एकदा ऐकायच्या विनोदापेक्षा वेगळ्या जातीचा असावा लागतो. ज्या विनोदाची सगळी मजा शेवटच्या कलाटणीत असते, तो कळला की संपतो. दुसऱ्यांदा ऐकताना आपण सौजन्य म्हणून हसतो आणि विसाव्यांदा तो सोसवत नाही. पिशवी तर दिवसातून कितीतरी वेळा नजरेस पडते. तिच्यावरच्या विनोदात कलाटणीपेक्षा वस्ती हवी, म्हणजे तिथे कुणीतरी राहत असावे, त्यांचे आपापसांत काहीतरी चाललेले असावे, आणि प्रत्येक वेळी पाहणाऱ्याला वेगळ्या टोकाने आत शिरता यावे. लिफ्टच्या चित्रात मला पहिल्यांदा जिराफ दिसला, मग नजरा दिसल्या. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, शिवणीच्या अगदी जवळ, एक नखाएवढी गोगलगाय उंबरठा ओलांडायला निघाली आहे, हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने गेले. ते लक्षात आल्यावर मी ऑक्टोपसकडे पुन्हा निरखून पाहिले. त्याचे सात हात मजल्यांच्या बटणांवर आहेत आणि आठवा हात दार उघडे ठेवण्याच्या बटणावर आहे. तोवर मी त्याला खोडकर समजत होते. तो त्या गोगलगायीसाठी दार धरून उभा आहे, आणि बाकीचे सगळे आकडा बदलण्याची वाट पाहत आहेत, तो आकडा का बदलत नाही हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

या एका तपशिलाने माझ्यासाठी पूर्ण चित्राचा स्वभाव पालटला. आधी ते गर्दीचे चित्र होते, आता ते सौजन्याचे आहे. आणि गंमत उणावली नाही, दुप्पट झाली. टिकणाऱ्या विनोदात पात्रांविषयी माया असते, असे मला ठामपणे वाटते. कुणाची तरी टर उडवून मिळवलेले हसू पहिल्या दिवशी मोठे असते, पण रोजची पिशवी रोजच्या सगळ्या ठिकाणी बरोबर येते. ती कामाच्या बैठकीला येते, शाळेच्या दारात येते, आणि दवाखान्यात कुणाच्या तरी अहवालाची वाट पाहताना शेजारच्या खुर्चीवरही तीच असते. तिथे एखादा बोचरा टोमणा मांडीवर घेऊन बसणे जड जाते. मान दुमडून निमूट उभा असलेला जिराफ मात्र तिथेही चालतो. किंबहुना अशा जागी तो थोडा जास्तच जवळचा वाटतो.

प्राण्यांना माणसांचे वागणे देऊन हसवण्याची युक्ती फार जुनी आहे. जपानमधल्या क्योटोच्या कोझान-जी मंदिराशी जोडलेल्या, साधारण १२व्या आणि १३व्या शतकांतल्या चोजू-गिगा या चित्रांच्या गुंडाळ्यांत बेडूक सशाला कुस्तीत चीत करतो, माकड भिक्षूच्या वेषात पूजा करते आणि ज्याची पूजा चालली आहे तो बुद्धासारखा बसलेला एक बेडूक आहे. त्या प्रसंगांवर एकही शब्द लिहिलेला नाही, रंगही नाही, केवळ शाईची रेषा आहे. कुस्ती जिंकलेल्या त्या बेडकाचा आनंद समजायला जपानी यावी लागत नाही, आणि आठशे वर्षे उलटूनही ते हसू शिळे झालेले नाही. पिशवीवरच्या चित्राकडून मला हीच अपेक्षा असते.

शब्दांच्या पिशव्यांची गोष्ट वेगळी आहे. २००७ मध्ये लंडनच्या डिझायनर आन्या हाइंडमार्च यांनी 'मी प्लास्टिकची पिशवी नाही' या अर्थाचे इंग्रजी वाक्य छापलेली कापडी पिशवी आणली आणि ती घेण्यासाठी दुकानांसमोर रांगा लागल्या. त्या वाक्याने मोठे काम केले, कारण कापडी पिशवी खांद्यावर अडकवून मिरवणे त्यानंतर अनेकांना आवडू लागले. तरीही वाक्य हे शेवटी घोषणा असते. ते वाहणाऱ्याविषयी काहीतरी जाहीर करते, आणि रोज तेच जाहीर करत राहण्याचा माणसाला कंटाळा येतो. चित्र काही जाहीर करत नाही. ज्याला पाहायचे आहे तो पाहतो, ज्याला घाई आहे तो पुढे जातो.

पाहणाऱ्यांमध्ये मुले सर्वांत आधी येतात, आणि त्याचे साधे कारण उंचीत आहे. खांद्यावरची टोट बॅग मोठ्या माणसाच्या कमरेपाशी लोंबते, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येते. रांगेत मोठी माणसे एकमेकांची डोकी पाहत असतात तेव्हा ते मूल पूर्ण लिफ्ट वाचत असते. एकदा माझ्या मागे उभ्या असलेल्या एका लहान मुलीने ऑक्टोपसचे हात बोटाने मोजले, एक कमी भरला म्हणून पुन्हा मोजले, आणि आठवा सापडल्यावर आईचा हात ओढून तिलाही दाखवला. आठवा हात कशासाठी आहे हे तिने विचारले आणि गोगलगाय तिलाच सापडली, मला सांगावे लागले नाही. जे शोधायला मला महिने लागले ते तिला रांग दोन पावले सरकेपर्यंत दिसले होते. पिशवीसाठी चित्र काढणाऱ्याने या उंचीवरच्या वाचकाला कधीही विसरू नये. खालच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी काहीतरी ठेवावे.

चित्र कितीही चांगले असले तरी ते कापडावर कसे उतरते यावर त्याचे आयुष्य ठरते. अशा पिशव्यांसाठी सर्वाधिक भरवशाची रीत स्क्रीन प्रिंटिंगची आहे. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप देतात. जिथे शाई उतरायला हवी तेवढी जाळी उघडी राहते, बाकीची बुजते. मग रबराच्या पट्टीने शाई जाळीवरून ओढली की उघड्या छिद्रांतून ती कापडावर बसते. प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट लागते आणि प्रत्येक चौकट आधीच्या रंगावर बरोबर बसावी लागते. लिफ्टच्या चित्रात काळा, शेंदरी, पिवळा, निळा आणि हिरवा असे पाच रंग आहेत, म्हणजे एका पिशवीवरून ती रबरी पट्टी किमान पाच वेळा फिरली आहे. शेंदरी चौकट जराशी सरकली असती तर ऑक्टोपस आपल्याच रेषेबाहेर सांडला असता. म्हणूनच जाणकार चित्रकार काळी रेषा जाड ठेवतात आणि रंग त्या रेषेखाली थोडा शिरू देतात. छपाईत किंचित चूक झाली तरी ती रेषेच्या पोटात लपते. अशा चित्रांतली ती ठसठशीत, भाबडी वाटणारी रेषा अर्धी आवडीने आणि अर्धी या गरजेने आलेली असते. रंगांची संख्या मोजकी असल्यामुळे चित्रकाराला प्रत्येक रंग कुठे खर्च करायचा हे ठरवावे लागते, आणि मला वाटते त्या काटकसरीतूनच ही चित्रे इतकी टवटवीत होतात. शेंदरी रंग चित्रात दोनच ठिकाणी आहे. ऑक्टोपसचे अंग शेंदरी आहे आणि गोगलगायीचा शंखही. त्या दोघांचे काहीतरी नाते आहे, हे रंगाने आधीच सांगून ठेवले होते.

शाईचाही प्रश्न आहेच. प्लास्टिसॉल नावाची शाई कापडाच्या वर थर धरून बसते, रंग भडक दिसतात, आणि ती पक्की होण्यासाठी साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. ती पुरती तापली नाही तर काही धुण्यांतच उतरू लागते. पाण्यावर आधारलेली शाई धाग्यांत मुरते, बोट फिरवले तर कापडच लागते, आणि कालांतराने ती भेगाळण्याऐवजी हळूहळू फिकी होत जाते. मला दुसरी अधिक आवडते. कागदावरचे चित्र उष्णतेने कापडावर चिकटवण्याची स्वस्त रीत मात्र रोजच्या पिशवीला मानवत नाही. जिथे घडी पडते तिथे तो पातळ पापुद्रा तडकतो, आणि पिशवीला घडी पडणारच. शिवाय जाड कॅनव्हासची वीण खडबडीत असते, त्यामुळे केसाएवढी रेषा धाग्यांच्या उंचवट्यांवर तुटते. म्हणून डोळे मोठे काढावे लागतात. कांगारूच्या पिल्लाचे टपोरे डोळे तसे का आहेत, याचा उलगडा मला कापडाला बोट लावल्यावर झाला.

कापड आणि बंद यांविषयी थोडक्यात सांगते. प्रदर्शनांत आणि परिषदांत वाटल्या जाणाऱ्या पिशव्या पुष्कळदा दर चौरस मीटरला १४० ग्रॅमच्या आसपासच्या पातळ कापडाच्या असतात. रोजच्या ओझ्याला ३४० ग्रॅमच्या जवळपासचा कॅनव्हास बरा, कारण तो स्वतः उभा राहतो आणि चित्र ताठ ठेवतो. बंद खांद्यावरून सहज जावेत म्हणून काठापासून २५ ते ३० सेंटीमीटर उंच असावेत, आणि जिथे ते पिशवीला जोडले जातात तिथे चौकोन शिवून त्यात फुलीचा टाका घातलेला असावा. ही सगळी शहाणीव जुनी आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एल. एल. बीन या कंपनीने १९४४ मध्ये बर्फ वाहण्यासाठी जाड कॅनव्हासची पिशवी काढली. मोटारीतून बर्फाच्या पेटीपर्यंत बर्फाचे ठोकळे न्यायचे, एवढेच तिचे काम होते. पुढे १९६०च्या दशकात तीच पिशवी रंगीत बंद आणि रंगीत तळ लेवून परत आली आणि बर्फ सोडून बाकी सगळे वाहू लागली. लिफ्टमधल्या पेंग्विनने कवटाळलेली ती बर्फाची पेटी पाहताना मला हा इतिहास आठवतो, आणि चित्रकारालाही तो ठाऊक असावा असे मानायला मला आवडते.

आता त्या मुद्द्याकडे येते, ज्यामुळे चित्र ही माझ्या लेखी हौस राहत नाही. सुती पिशवी ही निसर्गाला फुकट पडत नाही. कापसाला जमीन लागते, पाणी लागते, सूत आणि कापड करायला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हवामानावरचा भार एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा कमी व्हायचा तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असा हिशेब मांडला होता. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८च्या अहवालात केवळ हवामानाचा विचार केला तर हा आकडा ५२ आहे, पण ओझोनच्या थरापासून पाण्यापर्यंत सगळे निकष धरले तर तो ७१०० वर जातो. सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी तर तो २०००० आहे, कारण त्या हिशेबात सेंद्रिय कापसाचे दर एकरी उत्पन्न कमी धरले आहे. डेन्मार्कच्या अहवालात उघड्यावर पडणाऱ्या प्लास्टिकच्या कचऱ्याचा उपद्रव जमेला धरलेला नाही, त्यामुळे या आकड्यांवरून प्लास्टिक निर्दोष ठरत नाही. तरीही त्यांतून निघणारी एक गोष्ट मला टाळता येत नाही. १३१ म्हणजे रोजच्या वापराचे चार-साडेचार महिने, आणि ७१०० म्हणजे रोज वापरली तरी १९ वर्षांहून अधिक काळ.

एकोणीस वर्षे एकच पिशवी कोण वापरील? केवळ कर्तव्य म्हणून घेतलेली पिशवी तर कुणीच नाही. फुकट मिळालेल्या, कुठल्यातरी कार्यक्रमाचे नाव मिरवणाऱ्या पिशव्या घराघरांत एकीत एक कोंबून ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यातली प्रत्येक पिशवी त्या हिशेबात तोट्यात आहे. इतकी वर्षे माणूस तीच वस्तू वापरतो जिचा त्याला लळा लागतो, आणि लळा लागायला गोगलगाय लागते, दार धरून उभा राहिलेला ऑक्टोपस लागतो. दर मोसमाला नवे गमतीदार चित्र विकत घ्यावे असे मला म्हणायचे नाही. गंमत म्हणून दहा पिशव्या जमवल्या तर दहांचा हिशेब बिघडतो. एक घ्यावी, फार तर दोन, आणि घेताना चित्रापुढे पुष्कळ वेळ उभे राहावे. दुसऱ्या पाहण्यात काही नवे सापडले नाही, तर ती तिथेच ठेवावी.

घेतलेली जपणेही फारसे कष्टाचे नाही. धुताना ती उलटी करावी, पाणी थंड असावे, दोऱ्यांवर सावलीत वाळवावी आणि इस्त्री चित्राच्या मागच्या बाजूने फिरवावी. पहिल्या धुण्यात सुती कॅनव्हास थोडा आटतो, त्याने घाबरून जाऊ नये. सर्वांत आधी झिजतात ते तळाचे दोन कोपरे आणि बंदांच्या आतल्या कडा. कोपऱ्यांना आतून जाड कापडाचे ठिगळ लावून घेतले की पिशवी पुन्हा कित्येक वर्षे चालते. माझ्या पिशवीचा एक कोपरा असा दुरुस्त झालेला आहे, आणि शिवणाऱ्या बाईंना मी गोगलगाय दाखवून टाका तिच्या अलीकडे थांबवायला सांगितले होते. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिले आणि टाका थांबवला. पुढे कधी कापडच विरले, तर चित्राचा मधला पट्टा कापून नव्या कोऱ्या पिशवीवर चारही बाजूंनी शिवून घ्यायचा, हे आमचे तेव्हाच ठरले आहे. खिसा मात्र उसवून वेगळा काढावा लागेल आणि पोटाची रेषा पुन्हा जुळवावी लागेल.